चार नंबरचा पंप

मोटारीच्या टाकीत ४० लिटर पेट्रोल जायला मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लागतो. नेहमीच्या नोझलमधून मिनिटाला ३५ ते ४० लिटर इंधन येतं. अमेरिकेत मिनिटाला १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, ही वरची मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे. तरीही पंपावर शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाच-सात मिनिटं सहज जातात, आणि गर्दी असली तर पंधरासुद्धा. हा वरचा सगळा वेळ माणसांमध्ये जातो. झाकण कुठल्या बाजूला आहे ते आठवण्यात, पाकीट शोधण्यात, ‘कुठला पंप?’ असं विचारल्यावर मागे वळून बघण्यात, सुट्या पैशांत आणि गैरसमजांत. ही मिनिटं सुखाची जावीत असं मला मनापासून वाटतं, आणि ती तशी जाण्यासाठी लागणारी माहिती फारशी कुणी कुणाला सांगत नाही.

इंधनाची पहिली खरेदी तर काउंटरवरच झाली होती. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन विकत घेतलं. एरवी कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचं ते द्रव्य. घेणारी आणि विकणारा हातभर अंतरावर उभे होते. पुढे पंप रस्त्याकडेला आले आणि गाडीपाशी येऊन इंधन भरणारा माणूस आला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत, दुकानात बसूनच बाहेरचा पंप सुरू करायची सोय झाली, आणि गिऱ्हाईक नोझलपाशी तर कॅशियर काचेमागे अशी फारकत झाली. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला स्वतः पेट्रोल भरायला आजही मनाई आहे. ओरेगॉनने १९५१ पासूनची तशीच बंदी २०२३ मध्ये सैल केली. जगभर दोन्ही पद्धती नांदत आहेत. इथे मुख्यतः काचेमागच्या कॅशियरबद्दल लिहितो आहे, कारण तिथे दोघांच्या मध्ये वीस-तीस मीटरचं मोकळं आवार असतं आणि बरेचसे खटके त्या अंतरापोटीच उडतात.

काचेमागून काय दिसतं ते आधी बघू. कॅशियरसमोर एक पडदा असतो, त्यावर प्रत्येक पंपाचा एकेक चौकोन. आपण नोझल उचलला की तो चौकोन लुकलुकतो आणि टीं-टीं असा आवाज येतो. मग कॅशियर मान वर करून बाहेर बघतो, कुठली गाडी आहे, कोण उभं आहे, इंजिन बंद आहे का, कुणी सिगारेट ओढत नाही ना, आणि परवानगीचं बटण दाबतो. हे चालू असताना समोर एक गिऱ्हाईक पैसे देत असतं, दुसरं स्वच्छतागृहाची किल्ली मागत असतं आणि तीन-चार पंप एकाच वेळी वाजत असतात. म्हणून नोझल उचलल्यावर दहा-पंधरा सेकंद काहीच झालं नाही तर हात हलवून ओरडू नये. नोझल पुन्हापुन्हा काढ-घाल तर मुळीच करू नये. तसं केलं की पडद्यावरची मागणी रद्द होऊन नव्याने सुरू होते आणि आपला नंबर मागे पडतो. नोझल हातात धरून, काचेकडे तोंड करून उभं राहावं. चेहरा दिसला की कॅशियर निर्धास्त होतो. दुचाकीवाल्याने हेल्मेट काढावं असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, त्यामागेही हेच कारण आहे. इंधन भरून पैसे न देता निघून जाणारे काही असतात, त्या तुटीचा जाब कॅशियरला द्यावा लागतो, आणि काही ठिकाणी ती त्याच्या पगारातूनही कापली जाते. ही खबरदारी प्रत्येक गाडीसाठी असते, त्यामुळे ‘माझ्यावर संशय घेतला’ असं मनाला लावून घेऊ नये.

आता पंपाचा नंबर. काउंटरवरच्या सगळ्या सौजन्याचं मूळ या एका आकड्यात आहे, असं म्हटलं तरी चालेल. ‘ती पांढरी गाडी’ किंवा ‘तिकडे कोपऱ्यातली’ हे कॅशियरच्या उपयोगाचं नाही. त्याच्या पडद्यावर रंग नसतात आणि बाहेर चार पांढऱ्या गाड्या उभ्या असतात. गाडीतून उतरतानाच खांबावरचा आकडा वाचून घ्यावा. एका खांबाच्या दोन बाजूंना दोन वेगळे नंबर असतात, तेव्हा आपल्या बाजूचाच वाचावा. आणि काउंटरवर पोचताच, विचारायची वाट न पाहता, एका वाक्यात सांगावं: ‘नमस्कार. चार नंबर, पेट्रोल, टाकी भरून झाली आहे, कार्डाने देतो.’ या वाक्यात कॅशियरला लागणाऱ्या चारही गोष्टी आल्या. चांगला कॅशियर मान वर करून आकडा आणि रक्कम मोठ्याने परत म्हणतो, ‘चार नंबर, पेट्रोल, इतके झाले.’ तो बहिरा नाही आणि आपणही अस्पष्ट बोललेलो नाही. ही उजळणी दोघांच्या संरक्षणासाठी असते. चुकून पाच नंबरचे पैसे घेतले गेले, तर चार नंबरचं बिल उघडंच राहतं, आणि पाच नंबरवाला आत आल्यावर त्याचं बिल आधीच फिटलेलं दिसतं. तोवर चार नंबरचा माणूस निघून गेलेला असतो आणि यंत्राच्या लेखी तो पैसे न देता पळालेला असतो.

आधी पैसे, मग इंधन, अशी पद्धत असेल तर याच चुकीचं रूप बदलतं. रक्कम भलत्या पंपावर चढली आणि तिथल्या माणसाने नोझल उचलून दाबला की ते पैसे गेले. इंधन वाहायच्या आधी कॅशियर ती परवानगी मागे घेऊ शकतो, वाहायला लागल्यावर नाही. म्हणून आपल्या पंपावर आपली रक्कम दिसत नसेल तर तसंच आत यावं किंवा कॅशियरशी बोलायचं बटण असेल ते दाबावं. नोझलशी खटपट करत बसू नये. याच पद्धतीत आणखी एक गोष्ट कायम घडते. माणूस टाकी भरेल अशा अंदाजाने पैसे देतो आणि टाकीत मावतं कमी. उरलेले पैसे परत मिळतात, पण त्यासाठी नोझल जागेवर टांगलेला असावा लागतो. तो टांगल्याशिवाय विक्री संपल्याची खूण पडद्यावर उमटत नाही आणि कॅशियरला परतीचा आकडाच दिसत नाही. तो ‘आधी नोझल ठेवून या’ म्हणतो तेव्हा आपल्याला हेलपाटा घालायला लावायची त्याला हौस नसते. नंतर पैसे द्यायच्या पद्धतीतही हेच लागू आहे.

नोझल आधी जागेवर, मग काउंटर, या क्रमाचं दुसरं कारण अधिक गंभीर आहे. नोझल टाकीतच ठेवून पैसे द्यायला गेलेला माणूस परत येऊन थेट गाडी सुरू करतो, आणि नळी गाडीबरोबर ओढली जाते. त्यासाठी नळीला एक सुटणारा जोड बसवलेला असतो. ठरावीक ताणाला तो मधोमध सुटतो आणि दोन्ही टोकांच्या झडपा बंद होतात, त्यामुळे खांब उपटला जात नाही आणि इंधनही फारसं सांडत नाही. असं झालं तर गाडी तिथेच थांबवून इंजिन बंद करावं, नळी स्वतः जोडायचा प्रयत्न करू नये आणि आत जाऊन सरळ सांगावं. कॅशियर तो पंप बंद करतो, नोंद करतो, तंत्रज्ञाला बोलावतो. या घटकेला गिऱ्हाईक आधीच शरमलेलं असतं. त्याला चार माणसांत झापण्याने जोड काही परत बसत नाही, आणि पुढच्या वेळी असं कुणाकडून झालं तर तो न सांगताच निघून जाण्याचा मोह वाढतो. सांडलेल्या इंधनाचंही तसंच. कपभर पेट्रोल जमिनीवर पडलं तर लगेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे आभारच मानायला हवेत. पंपावर वाळू किंवा शोषून घेणारे दाणे ठेवलेले असतात. पाणी ओतू नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि दूरवर पसरतं.

ध्वनिक्षेपकावरून येणारा ‘तीन नंबर, इंजिन बंद करा’ हा करडा आवाज अनेकांना लागतो. त्या आवाजामागचं शास्त्र माहीत असलं तर तो तितका लागणार नाही. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने उडून न जाता जमिनीलगत साचते, सरकत जाते. काचेमागे बसलेल्याला संपूर्ण आवार दिसतं. आपल्याला फक्त आपली गाडी दिसते. आणखी एक धोका तर डोळ्यांना दिसतच नाही. नोझल अडकवून माणूस गाडीत जाऊन बसतो, कोरड्या हवेत कपडे आसनावर घासतात, अंगावर स्थितिक विद्युत साचते, आणि तो परत येऊन नोझलला हात लावतो तेव्हा वाफेच्या तोंडाशीच ठिणगी पडते. म्हणून भरताना बाहेरच उभं राहावं. आत जावंच लागलं तर नोझलकडे येण्याआधी झाकणापासून दूर, दाराच्या उघड्या धातूला हात लावावा. आणि दुर्दैवाने ज्वाळा दिसलीच, तर नोझल टाकीतून ओढून काढू नये. ओढला की पेटतं पेट्रोल बाहेर येतं. मागे सरावं, ओरडून कॅशियरला सांगावं. आवारातले सगळे पंप एकदम बंद करायचं बटण त्याच्या हाताशी असतं. ज्याच्या हाताशी असं बटण आहे त्याच्या आवाजात थोडी जरब असायचीच. पण कॅशियरनेही एक करून बघावं. सूचनेच्या शेवटी ‘धन्यवाद’ जोडावं आणि इंजिन बंद झाल्यावर हात वर करून पोच द्यावी. दोन सेकंदांचं काम आहे, आणि आवारात उभ्या असलेल्या बाकीच्यांनाही कळतं की ओरडणारा रागावलेला नाही.

कॅनमध्ये इंधन मागणाऱ्यांशी होणारी हुज्जत थोडक्यात सांगतो. पाण्याच्या किंवा दुधाच्या बाटलीत पेट्रोल द्यायला कॅशियर नकार देतो, कारण ते प्लास्टिक इंधनाने मऊ पडतं, फुटतं आणि झाकण वाफ धरत नाही. त्याला नियम मोडता येत नाही, आग्रह करू नये. इंधनासाठीचा कॅन असेल तर तो गाडीच्या डिकीतून काढून जमिनीवर ठेवावा, नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावं आणि वर थोडी जागा मोकळी सोडावी. कॅशियरला आधी येऊन सांगितलं की कॅन भरायचा आहे, तर तो पंप सुरू करायला अडखळत नाही.

‘टाकी तर ४५ लिटरची आहे, मग ४७ गेलंच कसं?’ काउंटरवरचं सगळ्यात तापलेलं भांडण याच प्रश्नाने सुरू होतं आणि दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही ते चिघळतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली क्षमता ही अनेकदा वाफेसाठी सोडलेली जागा आणि तोंडापासून टाकीपर्यंतची नळी वगळून दिलेली असते. नोझल बंद पडल्यावरही थोडं थोडं ढोसत राहिलं तर ती जागाही भरते, आणि पुस्तिकेपेक्षा दोन-चार लिटर जास्त जाऊ शकतं. हे कॅशियरने शांतपणे, पहिल्याच वाक्यात सांगावं. ‘आमचा पंप बरोबरच आहे’ एवढंच म्हटलं की गिऱ्हाईक अधिक चिडतं, कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालेलंच नसतं. त्यानंतरही शंका राहिली तर मोजून बघायची रीत आहे. शासनमान्य मापात ठरावीक इंधन घेऊन पंपाच्या आकड्याशी ताडायचं. वैधमापनाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार पंपाची चूक ०.५ टक्क्याच्या आत असावी लागते, म्हणजे ४० लिटरला २०० मिलिलिटर. तक्रार नोंदवायचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. तो बजावताना आवाज चढवायची गरज नाही, पावती, पंपाचा नंबर आणि वेळ एवढं पुरतं.

मीटर शून्यावर आहे का ते बघणं हाही कुणाचा अपमान नव्हे. नोझल उचलल्यावर आकड्यांच्या सगळ्या रेघा क्षणभर एकदम पेटतात, आठ-आठ-आठ असं दिसतं, मग पडदा कोरा होतो आणि मग शून्य येतं. एखादी रेघ जळलेली असेल तर आठचा सहा किंवा शून्य दिसेल, ते गिऱ्हाइकाला कळावं म्हणून ही व्यवस्था आहे. ती बघावी. जिथे कर्मचारी इंधन भरतो तिथे त्याने भरण्याआधी शून्याकडे बोट करावं आणि गिऱ्हाइकाने मान डोलवावी. या मूक देवघेवीने पुढचे सगळे वाद टळतात. कधीकधी इंधन सुरू होण्याआधीच आकडा किंचित पुढे सरकतो. पंपाचा दाब आल्यावर रबरी नळी जराशी फुगते, त्याचा तो परिणाम असतो. किंचित म्हणजे शेवटच्या एक-दोन आकड्यांपुरता. त्याहून जास्त सरकला तर मात्र थांबवून सांगावं.

नोझल आपोआप बंद पडतो त्या ‘टक्’बद्दल पंपावरच्या माणसाला रोज बोलणी खावी लागतात. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. इंधन वाहताना त्या छिद्रातून हवा आत खेचली जाते. टाकीतलं इंधन किंवा फेस त्या छिद्रापर्यंत चढला की हवा तुटते, आत पोकळी तयार होते, नोझलमधला एक लवचिक पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. वीज लागत नाही, कुणाच्या मनावरही नाही. डिझेलला फेस जास्त येतो, म्हणून तिथे तो लवकर सुटतो. वेग कमी करून भरलं तर उशिरा. पुन्हापुन्हा सुटत असेल तर नोझल थोडा बाहेर ओढून किंवा किंचित फिरवून बघावा. पण टाकी खरोखर भरल्यावर ‘रक्कम गोल करा’ म्हणून कर्मचाऱ्याला आणखी दाबायला लावणं हे त्याच्यावर अन्यायकारक आहे. गाडीतल्या वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव इंधन शिरून तो निकामी होऊ शकतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो तो दोन आठवड्यांनी, आणि सांडलं तर दोष लगेच त्याच्यावर येतो. गोल रक्कमच हवी असेल तर ती आधी सांगावी. पंप त्या आकड्यावर स्वतः थांबतो. शेवटच्या थोड्या इंधनाला धार मंदावते ती त्यासाठीच.

पेट्रोल की डिझेल, हे कर्मचारी दोनदा विचारतो तेव्हा त्याला दोनदा उत्तर द्यावं. डिझेलचा नोझल जाड असतो आणि पेट्रोल गाडीच्या अरुंद तोंडात सहसा जात नाही. पेट्रोलचा बारीक नोझल मात्र डिझेल गाडीत बिनदिक्कत शिरतो. चुका होतात त्या मुख्यतः याच दिशेने. रंगावर विसंबूनही चालत नाही, कारण ब्रिटनमध्ये हिरवी नळी पेट्रोलची असते आणि अमेरिकेत बऱ्याच पंपांवर हिरवा रंग डिझेलचा. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून नव्या गाड्यांच्या झाकणाशी आणि पंपांवर सारख्याच खुणा लावतात, पेट्रोलला वर्तुळ, डिझेलला चौकोन. चुकीचं भरलं गेलंच तर गाडी सुरू करू नये, किल्लीसुद्धा फिरवू नये, कारण काही गाड्यांत तेवढ्यानेच आतला पंप इंधन पुढे ढकलायला लागतो. कॅशियरला सांगावं, गाडी ढकलून बाजूला घ्यायला मदत मागावी. इथे कॅशियरच्या सौजन्याची किंमत फार मोठी आहे. घाबरलेला माणूस ‘बघू, चालतंय का’ म्हणून गाडी सुरू करायला निघतो, त्याला शांतपणे थांबवणारा एक आवाज इंजेक्टर आणि पंप बदलण्याचा खर्च वाचवतो.

आता पैशांची देवघेव. नोटा घडी उलगडून, हातात द्याव्यात किंवा काउंटरवर नीट ठेवाव्यात. फेकलेली नोट कुणालाच आवडत नाही, मग ती गडबडीत फेकलेली का असेना. डिझेल भरून आलेले हात आधी पुसावेत. पेट्रोल उडून जातं, डिझेल तेलकट असतं आणि नोटांना, कार्डाला, यंत्राच्या बटणांना लागत राहतं, मग पुढच्या दहा गिऱ्हाइकांच्या बोटांना वास येतो. पंपापाशी कागदी रुमाल किंवा पातळ हातमोजे असतात ते त्यासाठी. मोठी नोट देताना तिचा आकडा तोंडाने सांगावा. कॅशियरने ती लगेच गल्ल्यात टाकू नये. सुटे मोजून हातात पडेपर्यंत ती गल्ल्याच्या कडेवर, दोघांना दिसेल अशी ठेवावी. ‘मी मोठी नोट दिली होती’ हा वाद तिथल्या तिथे मिटतो. सुटे मोजताना बिलाच्या आकड्यापासून वर चढत जावं. ८७० झाले आणि १००० दिले असतील तर, ८८०, ९००, १०००, असं म्हणत हातावर ठेवावेत. वजाबाकी डोक्यात करून एक मूठ पुढे केली की गिऱ्हाईक तीच वजाबाकी पुन्हा करत काउंटर अडवून उभं राहतं.

मोठ्या नोटेला सुटे नसणं हा कॅशियरचा आळस नव्हे. गल्ल्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त रोकड साचली की ती तिजोरीच्या फटीत टाकायची असते, आणि ती तिजोरी अनेक ठिकाणी त्याला स्वतःला उघडता येत नाही किंवा बटण दाबल्यावर काही मिनिटांनीच उघडते. लुटारूंना त्यातून मिळावं तेवढं थोडं, म्हणून ही रचना. पहाटे आणि रात्री गल्ला मुद्दाम हलका ठेवलेला असतो. आणि व्यवहार अर्ध्यात असताना ‘थांबा, हे घ्या सुटे, ती नोट परत द्या’ हे शक्यतो टाळावं. नोटांची अशी अदलाबदल करून कॅशियरला गोंधळवणारी फसवणूक जुनी आहे, आणि तिच्यापासून वाचायचा एकच उपाय कॅशियरला शिकवलेला असतो: चालू व्यवहार पुरा करून गल्ला बंद करायचा, मग दुसरा सुरू करायचा. तो तसं म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नये.

कार्डाबद्दलची एक तक्रार कॅशियरपुढे सारखी येते आणि तिचा इलाज त्याच्या हातात मुळीच नसतो. पंपापाशीच कार्ड लावलं की किती इंधन घेतलं जाईल हे यंत्राला ठाऊक नसतं, म्हणून बँकेत एक ठोक रक्कम अडवून ठेवली जाते. खरी रक्कम नंतर कळते आणि उरलेली मोकळी होते, कधी काही मिनिटांत, कधी काही दिवसांनी. ही मोकळी करायचं काम बँकेचं. खात्यात मोजके पैसे असतील तर आत येऊन नेमक्या रकमेचं इंधन घ्यावं, म्हणजे तेवढेच पैसे जातात. आणि कॅशियरने ‘आम्हाला माहीत नाही’ म्हणण्याऐवजी हे दोन वाक्यांत सांगावं.

काउंटरवर असताना फोन कानाला नसावा. फोनवर बोलणाऱ्याला ‘कुठला पंप?’ हे विचारायचं तरी कसं, हा प्रश्न कॅशियरला पडतो, आणि मागची रांग त्याच्याकडेच रोखून बघते. तसंच, काउंटरवर दर वाढल्याचा राग काढू नये. दर ठरवणारा माणूस त्या इमारतीत नसतो, आणि कॅशियरही आपल्या गाडीत त्याच दराने इंधन भरतो. ‘सदस्य कार्ड आहे का? आणखी काही हवं?’ असं त्याने विचारलं तर ‘नको, धन्यवाद’ पुरतं. ते प्रश्न त्याला विचारावेच लागतात. न विचारल्याची नोंद करायला कंपनी गिऱ्हाइकाच्या वेषात तपासनीस पाठवते. छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचून एकदम एकेरी सलगी करणं मला योग्य वाटत नाही. त्याला आपलं नाव माहीत नसतं. नाव घ्यायचंच तर अहो-जाहोने घ्यावं.

दुकानात आणखी काही घ्यायचं असेल तर गाडी पंपासमोरून हलवावी, पण आधी इंधनाचे पैसे द्यावेत आणि सांगून जावं: ‘चार नंबरचे घ्या, गाडी बाजूला लावून परत येतो.’ न देता हलवली तर काचेमागून ती पळून जाणारी गाडीच दिसते. उलट, खरोखर विसरून निघून गेल्याचं लक्षात आलं तर परत यावं किंवा फोन करून पंपाचा नंबर आणि वेळ सांगावी. बिल तोवर उघडंच असतं. आणि परत आलेल्या माणसाला कॅशियरने चोर धरू नये. चोर परत येत नाहीत.

रात्रीचं वागणं वेगळं असतं. दार बंद, कॅशियर एकटा, बोलणं माइकमधून आणि देवघेव सरकत्या खणातून. दार न उघडणं हा त्याला दिलेला नियम आहे. पाऊस असो की थंडी. दिव्याखाली, चेहरा दिसेल असं उभं राहावं, काच ठोकू नये. काय काय हवं ते सगळं एकदम सांगावं, एकेक करून सांगितलं की त्याला प्रत्येक वेळी उठून आत जावं लागतं. पैसे खणात ठेवून हात बाहेर काढावा, मग तो खण ओढतो. माइकमधून शेवटची अक्षरं गिळली जातात, तेव्हा ‘सोळा’ आणि ‘सोडा’ यांचा घोळ होतो. नंबर बोटांनीही दाखवावा.

आणि शिफ्ट बदलायची वेळ. सगळ्यात जास्त चिडचिड याच दहा मिनिटांत होते. जाणारा कॅशियर प्रत्येक नोझलचं टोटलायझर वाचतो, म्हणजे तो नोझल बसवल्यापासून आजवर किती लिटर वाहिले त्याचा कधीही शून्य न होणारा आकडा. त्यातून सकाळचा आकडा वजा केला की दिवसभरात गेलेले लिटर येतात. मापतपासणीला काढून परत टाकीत ओतलेले लिटर वगळायचे, उरलेल्याला दराने गुणायचं. मग गल्ला, तिजोरीत टाकलेल्या रकमा आणि कार्डांच्या पावत्या यांची बेरीज त्याच्याशी जुळवायची. येणारा कॅशियर सुरुवातीचे सुटे मोजून घेतो. दोघांच्याही ओठांवर आकडे चाललेले असतात. अशा वेळी काचेवर बोट वाजवलं तर मोजणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. गप्प उभं राहावं. गड्डीतली शेवटची नोट खाली पडते, कागदावर आकडा लिहिला जातो, आणि मान वर होते. ‘थांबवलं तुम्हाला. कुठला पंप?’

‘चार नंबर.’